एऑर्टिक आर्च: तक्ता पाठ करण्याआधी पेन्सिल घ्या

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात एऑर्टिक आर्चेसचा (गर्भातल्या कमानीसारख्या धमन्यांच्या जोड्या, ज्यांतून हृदयाजवळच्या मोठ्या धमन्या बनतात) तक्ता बहुतेकांचा पाठ असतो. तरीही व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'उजवी सबक्लेव्हियन (हाताकडे जाणारी धमनी) कशाकशापासून बनते?' असं विचारलं की गाडी अडते. तक्ता फक्त काय उरलं ते सांगतो. जन्मजात दोष समजायचे तर काय नाहीसं झालं, हे आधी कळायला हवं. म्हणून आकृती पेन्सिलनेच काढा, खोडायचं आहे.

आकृती समोरून पाहिलेली असते, म्हणजे गर्भाची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला. हे कागदावर आधीच लिहून टाका, निम्म्या चुका इथेच होतात. मध्ये खाली एऑर्टिक सॅक (हृदयातून रक्त बाहेर नेणारी पिशवी) आणि तिथून वर जाणाऱ्या दोन रेषा. बाहेरच्या बाजूला दोन डॉर्सल एऑर्टा (पाठीकडच्या मुख्य धमन्या), खाली एकत्र येणाऱ्या. आतली आणि बाहेरची रेषा जोडणाऱ्या शिडीच्या पायऱ्या म्हणजे आर्चेस, वरून खाली 1 ते 6. पाचवी तुटक काढा. माणसात ती बनतच नाही किंवा लगेच विरते. सहाच्या खाली दोन्ही डॉर्सल एऑर्टांना सातवी इंटरसेगमेंटल धमनी (डॉर्सल एऑर्टाचा बाजूला जाणारा फाटा) जोडा. या सगळ्या जोड्या एकाच वेळी कधीच नसतात: चौथ्या-पाचव्या आठवड्यात खालच्या तयार होईपर्यंत वरच्या विरू लागतात.

आता खोडा. दोन्हीकडच्या 1, 2 आणि 5 (पहिल्या दोनांचे किरकोळ अवशेष उरतात). दोन्हीकडे 3 आणि 4 यांच्यामधला डॉर्सल एऑर्टा. फक्त उजवीकडे, सहावीचा बाहेरचा अर्धा भाग आणि सातव्या इंटरसेगमेंटलच्या खालचा डॉर्सल एऑर्टा.

उरलेलं वाचा. तिसरी म्हणजे कॉमन कॅरोटिड आणि इंटर्नल कॅरोटिडची (मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या) सुरुवात. डावी चौथी एऑर्टाच्या कमानीचा भाग. सहावीच्या आतल्या भागांतून पल्मनरी (फुप्फुसांकडे जाणाऱ्या) धमन्यांची सुरुवात, डावीच्या बाहेरच्या भागातून डक्टस आर्टेरिओसस (गर्भात पल्मनरी धमनी आणि एऑर्टा जोडणारी वाहिनी). उजवी सबक्लेव्हियन तीन तुकड्यांची: उजवी चौथी, उजव्या डॉर्सल एऑर्टाचा तुकडा आणि सातवी इंटरसेगमेंटल. डावी मात्र फक्त सातवी इंटरसेगमेंटल. मधला तुकडा विसरला की मार्क गेले.

रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (व्हेगस या मोठ्या नर्व्हपासून निघून लॅरिंक्सकडे, म्हणजे स्वरयंत्राकडे, परत वर जाणारी) याच कागदावर काढा. ती सहाव्या आर्चखालून वळते. हृदय छातीत उतरताना डावीकडे डक्टस शिल्लक असतो, म्हणून नर्व्ह त्याच्याखाली अडकून राहते. उजवीकडे सहावीचा बाहेरचा भाग आणि पाचवी नसल्यामुळे ती वर सरकते आणि चौथीला, म्हणजे सबक्लेव्हियनला, अडते.

आता मुद्दाम चुकीचं खोडून बघा. उजव्या डॉर्सल एऑर्टाचा खालचा भाग ठेवला, तर डबल एऑर्टिक आर्च: श्वासनलिका आणि अन्ननलिकेभोवती कडं, बाळाला घरघर. तोच भाग ठेवून उजवी चौथी आणि तिच्यालगतचा डॉर्सल एऑर्टा खोडला, तर उजवी सबक्लेव्हियन कमानीचा शेवटचा फाटा म्हणून निघते आणि बहुधा अन्ननलिकेमागून उजव्या हाताकडे जाते. अनेकांना त्रास होत नाही, काहींना गिळताना अडतं. पण उजवी चौथीच नाही, म्हणजे नर्व्हला अडायला जागा नाही. ती व्हेगसपासून सरळ लॅरिंक्सकडे जाते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत तिला नेहमीच्या जागी शोधत राहिलं, तर वरच्या भागात ती अनवधानाने कापली जाऊ शकते.