पोलरायझर कधी लावायचा, आणि मुख्य म्हणजे कधी काढायचा

वादळी आकाश टिपायला लागलेली मंडळी बहुतेकदा पहिला फिल्टर घेतात तो पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे फिरवता येणारी, ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवणारी काच. आणि काही दिवसांतच विचारतात, "फिरवून फिरवून थकलो, फरकच दिसत नाही. फिल्टर खराब निघाला का?" फिल्टर बहुधा चांगला असतो. सूर्य कुठे आहे, हे बघायचं राहिलेलं असतं.

हवेतल्या रेणूंवरून विखुरलेला निळा प्रकाश ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा असतो, पण सगळीकडे सारखा नाही. सूर्यापासून 90 अंशांवर तो सर्वांत जास्त ध्रुवित असतो. सूर्याकडे किंवा सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जवळजवळ नाहीच. मोजायला काही लागत नाही. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिला काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा आकाशात जिथून जिथून जाईल तो तुमचा पट्टा. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला टेकला की हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेला जातो. सूर्य माथ्यावर असेल तर तो क्षितिजालगत चहूबाजूंनी फिरतो.

आता वादळाकडे या. संध्याकाळी गडगडाटी ढग उत्तरेला किंवा दक्षिणेला दूरवर उभा असेल, तर पोलरायझरचे पैसे तिथे वसूल होतात. ढगातल्या थेंबांमधून प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की त्याचं ध्रुवीकरण उरत नाही, म्हणून ढग पांढरा तो पांढराच राहतो आणि मागचं निळं गडद होतं. त्याहून मोठा फायदा मात्र तुमच्या आणि ढगाच्या मधल्या धुरकट हवेचा. तिचा प्रकाश कापला गेला की आधी सपाट वाटणाऱ्या ढगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कंगोरे उठून दिसतात, आणि वरच्या ऐरणीची, म्हणजे ढगाच्या सपाट पसरलेल्या माथ्याची, कड सुटी होते. फिल्टरची कडी सावकाश फिरवा आणि नजर त्या कडेवर ठेवा, निळ्या रंगावर नको. आकाश सर्वांत काळंनिळं दिसतं तिथे थांबायचा मोह होतो. मी तिथून थोडं मागे येतो, नाहीतर दुपारचा फोटो रात्रीचा वाटायला लागतो.

ढग पूर्वेला, म्हणजे सूर्य पाठीशी असेल, तर त्या बाजूच्या निळ्यावर फारसा परिणाम होत नाही. पण इंद्रधनुष्यही त्याच बाजूला उमटतं आणि तिथे हाच फिल्टर कमाल करतो. थेंबाच्या आत प्रकाश ज्या कोनात परावर्तित होतो, तो ब्रूस्टर कोनाच्या (ज्या कोनात परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो) अगदी जवळचा असतो, त्यामुळे इंद्रधनुष्याचा प्रकाश भरपूर ध्रुवित असतो आणि त्याची दिशा कमानीला समांतर असते. कडी एका जागी आणली की मागचा करडा पाऊस मंदावतो आणि रंग तसेच राहतात. तिथून 90 अंश फिरवली की इंद्रधनुष्य चक्क गायब! पहिल्यांदा दोन्ही टोकं करून बघाच. मेख एवढीच, की कमानीचा माथा आडवा आणि पाय जवळजवळ उभे, म्हणून एकाच वेळी सगळी कमान उजळत नाही. रुंद लेन्सनं अख्खी कमान घेताना माथा झळकतो आणि पाय विरतात. अशा वेळी मी एक पायच जवळून घेतो, किंवा फिल्टर उतरवतो.

रुंद लेन्सचं दुखणं निळ्या आकाशातही आहे. फुलफ्रेमवर (36×24 मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 24 मिमीची लेन्स आडवी सुमारे 74 अंश बघते. एवढ्या विस्तारात मध्येच गडद पट्टा आणि बाजूंना फिकट आकाश, असा डाग पडतो. पॅनोरमात तर तो जोडणीतही लपत नाही.

वादळ डोक्यावर आलं, निळं संपलं आणि करडं छत पसरलं, की फिल्टर काढा. तिथे ध्रुवित काही उरलेलं नसतं. तुम्ही फक्त दीड ते दोन स्टॉप उजेड गमावता (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा): 1/60 चा शटर 1/20 वर येतो आणि वाऱ्यात हलणारं गवत पुसट होतं. ओल्या पानांची चकाकी कमी करायला तो चालतो, हे खरं. पण ओल्या रस्त्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब बरेचदा फोटोचा जीव असतो, ते का पुसायचं? विजेसाठीही पोलरायझर नको. विजेची तीव्रता शटरवर नाही, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फिल्टरवर ठरते. दिवसा शटर लांबवायला तो लावलात तर वीजही तेवढीच मंद होते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी लागले, तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. मुकाट्यानं इमारतीत किंवा बंद गाडीत शिरा. गाडीच्या बाजूच्या काचेतून पोलरायझर लावून फोटो घेतलात, तर आकाशावर काळसर ठिपके किंवा रंगीत पट्टे उमटतील. टेम्पर्ड काचेतला ताण ध्रुवित प्रकाशात असा दिसतो. लेन्स धुऊन काही होणार नाही. फिल्टर काढला की ते नक्षीकाम जातं.

घेताना सर्क्युलर प्रकारच घ्या, कारण साधा लिनियर एसएलआरच्या फोकस आणि मीटरिंगला गोंधळात टाकू शकतो. माप सर्वांत मोठ्या लेन्सचं निवडा, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) पुरते. घरी आणल्यावर लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर धरून फिरवा, पडदा काळा पडला पाहिजे. लेन्सवर बसणारी बाजू डोळ्याकडे हवी. उलटा धरलात तर सर्क्युलर फिल्टरमधून पडद्याची फक्त छटा बदलते.