जोडून सुट्टीत अकलूजचे द्राक्षमळे आणि सोलापूर शहर: तीन दिवसांची सहल कशी आखावी

वाइन म्हटलं की सगळे नाशिकची वाट धरतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रॅटेली या वाइन कंपनीचे वाइनच्या द्राक्षांचे मोठे मळे आहेत, हे पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. तिथून सोलापूर शहर गाडीने दोन-अडीच तासांवर. तीन दिवसांत दोन्ही आरामात होतं. माझा आग्रह एकच आहे, सहल द्राक्ष बघायला म्हणून आखा. चाखणं त्यात ओघाने येतंच.

तारीख आधी, बाकी सगळं नंतर

आपल्या हवेत द्राक्षवेल थंड देशांतल्यासारखी पानं झाडून झोपी जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, ती घडासाठी. माल उतरतो जानेवारी ते मार्चमध्ये. पावसाळ्यात आलात तर हिरवीगार पानं दिसतील, घड दिसणार नाहीत. मार्च अर्धा सरला की आमचं ऊन बाहेरच्या माणसाला सोसत नाही. म्हणजे २६ जानेवारी, महाशिवरात्र किंवा १९ फेब्रुवारीची शिवजयंती, यांपैकी जी सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येईल ती धरा.

२६ जानेवारीला राज्यात ड्राय डे असतो, हे मात्र विसरू नका. ती सोमवारी आली तर मळा शनिवारी आणि शहर शेवटी. शुक्रवारी आली तर उलटं करा, आधी सोलापूर आणि मग अकलूज. पंचांगात माघी एकादशीही बघून घ्या. त्या दिवसांत पंढरपूरला वारकऱ्यांची मोठी गर्दी असते आणि अकलूजहून येणारा रस्ता तिथूनच जातो.

बुकिंग आणि प्रवास

वाइनरीत आयत्या वेळी जाऊन फाटकावर उभं राहू नका. फेरी, चाखणं, जेवण आणि मुक्काम हे सगळं आधी फोन करून ठरवा. सुट्टीच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. तिथे नाही मिळाली तर अकलूजमध्ये साधी हॉटेलं आहेत. फोनवर दोन प्रश्न नक्की विचारा: सध्या तोडणी चालू आहे का, आणि सकाळच्या फेरीत मळ्यात नेतात का.

पुण्याहून गाडी असेल तर सोलापूर महामार्गाने इंदापूरपर्यंत या आणि तिथून अकलूजकडे वळा. मुंबईकरांनी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून पहाटे कुर्डुवाडीला उतरावं आणि आधीच ठरवलेल्या गाडीने पुढे जावं. गाडी चालवणारा माणूस तीनही दिवस कोरडा राहील, हे घरून निघतानाच ठरवा. भाड्याची गाडी ड्रायव्हरसह घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. वाइनसाठी राज्यात वयाची अट २१ वर्षांची आहे.

शनिवार: मळा

सकाळी लवकर पोचा. ऊन चढायच्या आत तोडलेला माल चांगला राहतो, त्यामुळे तोडणी बघायची तर सकाळीच.

मळ्यात परवानगी घेऊन दोन मणी तोंडात टाका. बाजारातल्या सोनाका किंवा थॉम्सनची सवय असलेल्याला नवल वाटेल. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र खायच्या द्राक्षापेक्षा जास्त. खायच्या द्राक्षाला शेतकरी विरळणी करतो, जीए (जिबरेलिक अॅसिड) या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो, मणी फुगवतो. वाइनच्या द्राक्षाला फुगवायचं नसतं. रंग आणि चव सालीजवळ असते, म्हणून मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात, पांढरीसाठी रस आधीच वेगळा काढतात. एवढं समजलं की पुढे स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपं बघताना काय चाललंय ते कळतं.

फ्रॅटेलीची सुरुवात २००७ च्या सुमाराची. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांनी मिळून ती केली. सांजोवेजे ही इटलीतली जात माळशिरसच्या माळावर रुजली आहे, ती आवर्जून चाखा. चाखायची रीत साधी आहे. पेला देठाला धरा, हलका फिरवा, आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडात घोळवा. नको असेल तर भांड्यात थुंका, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं. उपाशीपोटी चाखू नका. बाटल्या घेतल्या तर बिल जपून ठेवा आणि त्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सोडू नका.

रविवार: रस्ता

नाश्ता करून निघा. पंढरपूरला दर्शन घ्यायचं असेल तर सकाळचा वेळ त्यालाच द्या. घाईत उरकण्यापेक्षा नामदेव पायरीपाशी कळसाला हात जोडून पुढे गेलेलं बरं. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये आला असाल तर पंढरपूरजवळ कासेगावकडे बेदाण्याची शेड बघा. जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षं पसरलेली असतात. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. शेतकऱ्याला विचारून आत जा आणि थोडा बेदाणा त्याच्याकडूनच घ्या.

जानेवारीत आलात तर मंगळवेढ्याच्या बाजूने या. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि या दिवसांत हुरडा असतो. आगटीतून काढलेलं गरम कणीस हातावर चोळून पाखडलेला हुरडा, शेंगा चटणी, दही आणि गूळ. दुपारचं जेवण दुसरं काही शोधू नका.

सोमवार: सोलापूर

सकाळी सिद्धेश्वर मंदिर, तलावाच्या मध्यात. शेजारीच भुईकोट किल्ला. संक्रांतीच्या यात्रेनंतर काही दिवस होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरलेला असतो, मुलांना तिथे न्याच. मग चार हुतात्मा चौकात थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली. १९३० साली इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ लावला होता, त्याची ही किंमत. सोलापुरात येऊन हा चौक चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. वेळ असेल तर चीनमध्ये रुग्णसेवा करताना गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारकही बघा.

चादर घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. दुकानदाराला विचारून कडेचा एक धागा ओढा आणि पेटवून बघा. सूत असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. धागा वितळून कडक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. राष्ट्रीय सुट्टीला कारखाने बंद असतात, तेव्हा चालू माग बघायचा असेल तर रविवारी शहरात शिरतानाच पूर्व भागात चौकशी करा.

खाण्यात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि शेंगापोळी बांधून घ्या. तिन्ही प्रवासात टिकतात. मुंबईला परतणाऱ्यांना रात्रीची सिद्धेश्वर सोयीची पडते, जेवून निघता येतं. पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस पहाटे सुटते, म्हणून पुणेकरांनी गाडीनेच परतावं आणि सोलापूरहून चारच्या आत निघावं. सुट्टी संपताना पुण्याजवळ वाहनांची रांग लागते.