प्लॉट घेण्याआधी माती बघा

पुण्याच्या आसपास प्लॉट बघताय? मे महिन्यात सगळ्याच जमिनी गुणी दिसतात, म्हणून हातभर खड्डा खणायला लावा. भराव असेल तर त्याखालपर्यंत. तांबूस मुरूम लागला तर पाणी सहसा झिरपून जातं. मातीतल्या लोहाला हवा मिळते, म्हणून तो रंग. राखाडी मातीत गंजासारखे ठिपके दिसले, तर तिथे पावसाळ्यात पाणी साचून राहतं. गुळगुळीत गोटे निघाले, तर बहुधा ओढ्याची जुनी वाट, नकाशात ओढा असो वा नसो. लव्हाळा, पाणकणीस अशी पाणथळ जागेतली झाडं माजली असतील तर एजंटचं ऐकूच नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा घराघरांत शिरला होता. त्यामुळे कुंपणाच्या तारेत पुराच्या पाण्याने आणलेला पालापाचोळा किती उंचीवर अडकलाय, तेही बघा.