बॅकडोअर घुसलाय? मग निदान या चुका तरी टाळा

"अँटिव्हायरसने फाइल उडवली, आता ओके ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि मला खरंच कंटाळा आलाय. बॅकडोअर म्हणजे तुमच्या खोलीची डुप्लिकेट चावी दुसऱ्याकडे असणं. ती चावी तुम्ही आज काढून घेतलीत, चांगलं केलंत, पण गेले तीन आठवडे तो माणूस आत येऊन काय काय घेऊन गेला आणि काय काय ठेवून गेला हे कोण बघणार? रॅन्समवेअर निदान बोंब तरी मारतं, पैसे द्या म्हणून स्क्रीनवर पाटी लावतं. बॅकडोअरचं बेणं गप्प बसतं. पीसी थोडा स्लो होतो, पंखा उगाच फिरतो, आणि आपण म्हणतो जुना झाला असेल.

सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, ती म्हणजे क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवणारी चोरटी फाइल, टाकताना अँटिव्हायरस बंद करणं. पूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर असल्या सीडी मिळायच्या, आता टेलिग्रामवर झिप फाइल मिळते, एवढाच फरक. त्या झिपला पासवर्ड असतो, का? तर उघडल्याशिवाय कुठल्याही स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून. आणि सोबत एक टेक्स्ट फाइल, "आधी डिफेंडर बंद करा, तो खोटा अलार्म देतो". डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तोच बंद करायचा! लोक ते इतक्या भक्तिभावाने पाळतात की विचारू नका, बँकेच्या सूचना एवढ्या पाळल्या असत्या तर!

गिरगावात एक काका आहेत, लग्नपत्रिका, लेटरहेड, बॅनर असली डीटीपीची कामं करतात. लग्नसराईत त्यांचा फोन आला, "अरे, माऊस आपोआप हलतोय, ये लवकर." मला वाटलं माऊसच गेला असेल, दुसरा घेऊन गेलो. जाऊन बघतो तर कर्सर सावकाश ब्राउझरवर जातोय आणि सेव्ह केलेल्या पासवर्डचं पान उघडतोय, आणि काका शेजारी बसून बघतायत, जसं काय टीव्हीवर चाललंय. मी आधी लॅनची, म्हणजे नेटची वायर उपटली. ही माझी सवय आहे, बाकी विचार नंतर. लोक आधी गूगल करत बसतात, स्क्रीनशॉट काढतात, ग्रुपवर टाकतात, तोवर समोरचा आरामात काम उरकतो. आधी नेट तोडा. वायफाय असेल तर राउटरच बंद करा.

मग कळलं की काकांच्या भाच्याने पंधरा दिवसांपूर्वी डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलेलं. आणि मधे दोनदा स्कॅनही मारला होता, दोन्ही वेळा "धोका सापडला नाही". सापडणार कसा? डिफेंडरच्या एक्सक्लुजन लिस्टमध्ये अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता, म्हणजे पूर्ण सी ड्राइव्ह सोडून बाकी सगळं तपास असं सांगून ठेवलेलं. हे भाच्याने नाही, त्या क्रॅकने स्वतःच केलं होतं, कारण भाच्याने त्याला "रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर", म्हणजे पीसीवरचे सगळे अधिकार दिले होते. म्हणून माझं ठरलेलं आहे, स्कॅन मारायच्या आधी एक्सक्लुजनची लिस्ट उघडून बघायची. तिथे तुम्ही न टाकलेलं काही असेल तर अर्धं निदान तिथेच झालं.

फाइल डिलीट केली तरी रीस्टार्टनंतर परत येते म्हणून लोक रडतात. अरे येणारच! टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या विंडोजच्या टूलमध्ये, अपडेटरसारखं साधं नाव घेऊन एक टास्क बसलेलं असतं, ते दर काही मिनिटांनी बघतं फाइल आहे का, नसेल तर परत उतरवतं. काकांकडे हेच होतं, वर स्टार्टअपमध्येही (पीसी उघडताच आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत) एक एन्ट्री, म्हणजे एक गेलं तर दुसरं हजर. मी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल वापरतो, ते आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एन्ट्री लपवायच्या आणि उरलेल्यांत ज्याला बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही नाही, जो टेम्प किंवा अॅपडेटा फोल्डरमधून चालतोय, त्याच्याकडे संशयाने बघायचं. तसेच डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात. पण लोकांना पंधरा मिनिटंही नसतात, तीन मिनिटांचा क्विक स्कॅन मारून मला "झालं" म्हणून मेसेज.

तरी माझं वैयक्तिक मत, बॅकडोअर होता हे नक्की झालं की साफ करत बसू नका, फॉरमॅट मारा. दुसऱ्या चांगल्या पीसीवर बनवलेल्या विंडोजच्या पेन ड्राइव्हने, डिस्कवरची जुनी पार्टिशनं (सी, डी असे भाग) उडवून. अर्थात आधी डेटा बाहेर काढून. काकांचंही तेच केलं, रात्री एकपर्यंत बसलो. आणि दोन दिवसांनी परत फोन, "अरे, पुन्हा तेच."

झालं काय, तर भाच्याने "सेटअप" नावाचा फोल्डर आधीच स्वतःच्या पेन ड्राइव्हवर जपून ठेवला होता. फॉरमॅटनंतर त्याने इमानेइतबारे तोच क्रॅक परत टाकला, डिफेंडर परत बंद करून! मी त्याला काही बोललो नाही, पायऱ्या उतरून खाली आलो आणि कटिंग चहा मारला. तेव्हापासून बॅकअपमध्ये फक्त कामाच्या फाइली घेतो, फोटो, पीडीएफ, डिझाइनच्या मूळ फाइली. ईएक्सई, बॅट असल्या प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइली, शॉर्टकट, क्रॅकच्या झिप, एकही नाही. कितीही हात जोडलेत तरी नाही.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे त्याच बाधित पीसीवर बसून पासवर्ड बदलणं. कीलॉगर, म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक की टिपणारा प्रोग्रॅम, चालू असेल तर नवा पासवर्डही तुम्ही त्यालाच टाइप करून देताय. फोनवरून बदला, आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात, मग बँक, मग बाकी. आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" दाबा, कारण ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केलंय याच्या खुणा, चोरल्या असतील तर त्याला पासवर्ड किंवा ओटीपी काहीच लागत नाही, तो आधीच आत बसलेला असतो. काकांनी माझ्यासमोर बँकेचा बदलला, ईमेलचा राहिला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने गिऱ्हाइकांना "अॅडव्हान्स या खात्यात पाठवा" म्हणून मेल गेल्या. पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन आणि 1930 वर तक्रार, त्यात उशीर नको, मला नंतर फोन करा.

बाकी छोट्या छोट्या.

"पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असली फाइल लोक उघडतात कारण विंडोज मूळ सेटिंगमध्ये शेवटचं एक्सटेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, लपवतं. ते दाखवायचं सेटिंग चालू करा, दहा सेकंदाचं काम आहे.

बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला रिमोट अॅपचा, म्हणजे लांबून तुमचा पीसी चालवू देणाऱ्या अॅपचा नंबर वाचून दाखवणं, याला मी बॅकडोअर म्हणतच नाही, तुम्ही पुढचा दरवाजा उघडून चहा टाकलाय.

"आमच्या राउटरला फायरवॉल आहे." म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारी भिंत. असू दे. बहुतेक बॅकडोअर आतून बाहेर फोन लावतात, बाहेरून आत यायची वाट बघत नाहीत, आणि आतून जाणारं कनेक्शन राउटर निमूटपणे सोडतो.

इन्फेक्शन झाल्यावर घाबरून चार-पाच "क्लीनर" टाकणं. 2017 मध्ये सीसीक्लीनरच्या 5.33 आवृत्तीतच बॅकडोअर निघाला होता, तोही अधिकृत सर्व्हरवरून आलेल्या फाइलमध्ये, सुमारे 22 लाख 70 हजार मशिनवर. एक अँटिव्हायरस नीट चालवा, बस.

विंडोजऐवजी लिनक्स टाकलं की सुटलो म्हणणाऱ्यांनी मार्च 2024 आठवावा. लिनक्समधल्या एक्सझेड नावाच्या, फाइल लहान करणाऱ्या साध्या टूलमध्ये बॅकडोअर होता, आणि तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे पीसी उघडायला सात मिनिटं लागतात तरी कोणाला काही खटकत नाही.

काकांनी शेवटी लायसन्स विकत घेतलं, दोन दिवस तोंड पाडून होते. भाचा मात्र परवा हळूच विचारत होता, "दादा, मामाचं ठीक आहे, पण गेम टाकायचाय, त्याचा क्रॅक चालेल ना, तो तर फक्त गेम आहे?"