छातीतली जळजळ आणि घशाशी येणारे आंबट पाणी : रोजच्या सवयींतून आटोक्यात कसे ठेवावे

जेवणानंतर छातीच्या मधल्या हाडामागे आग होणे, करपट ढेकर येणे, आडवे होताच आंबट-कडू पाणी घशाशी येणे, या तक्रारी आपल्याकडे ‘पित्त झाले’ एवढ्यावर निकालात काढल्या जातात आणि सगळा दोष कांदा-लसूण चटणीच्या माथी मारला जातो. चटणी अगदीच निर्दोष नाही. पण सांगली जिल्ह्यातल्या घरांतली रात्रीच्या जेवणाची वेळ आणि त्यानंतरचा पहिला तास पाहिला, तर सुधारणेला खरा वाव तेथेच आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरला की ते आवळले जाते. ते अवेळी सैल पडले किंवा पोटावरचा दाब वाढला, तर जठरातले आम्ल वर चढते. जठराच्या अस्तराला ते सोसते, अन्ननलिकेला सोसत नाही.

पहिला बदल रात्रीच्या जेवणात करावा. जेवण आणि झोप यांत किमान 3 तासांचे अंतर हवे. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की माणूस उसाला पाणी पाजून उशिरा घरी येतो, भाकरी-आमटी भरपेट खातो आणि लगेच अंग टाकतो. गळीत हंगामात साखर कारखान्यात पाळीने जाणाऱ्यांचेही तसेच होते. अशांनी मुख्य जेवण रानात जाण्यापूर्वी किंवा पाळीवरच डब्यातून उरकावे आणि परतल्यावर भूक राहिलीच, तर थोडा मऊ भात खाऊन थांबावे. एका बैठकीत पोट तुडुंब भरण्यापेक्षा तेच अन्न दोन-तीन वेळांत विभागून खाल्लेले बरे.

जेवल्यावर वाकणेही तितकेच बाधते. दुपारी बांधावर भाकरी सोडून जेवायचे आणि हात धुताच पुन्हा भांगलायला बसायचे, यात भरल्या पोटावर सगळा भार येतो. जेवणानंतरचा तासभर शक्यतो उभ्याने करायची कामे घ्यावीत, सावकाश चालावे आणि परकराची नाडी किंवा कमरेचा पट्टा सैल ठेवावा.

रात्री जळजळीने जाग येत असेल, तर खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे पक्के बसवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्याने मान वाकते, पोट दुमडते आणि त्रास उलट वाढू शकतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली कमरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारा उतार करावा, त्यासाठी घड्या घातलेली जाड सतरंजीही चालते. कूस डावी असावी. त्या कुशीवर आम्ल वर येण्याचे प्रमाण कमी राहते.

आता खाण्याबद्दल. पथ्याची लांबलचक यादी भिंतीवर चिकटवण्यापेक्षा दोन आठवडे वहीत काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि जळजळ केव्हा झाली, एवढेच लिहावे. तेलाचा जाड थर असलेला मटणाचा रस्सा, तळलेले पदार्थ, उपाशीपोटीचा कडक चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना, टोमॅटो, आंबट फळे आणि सोडा हे नेहमीचे संशयित आहेत. पण प्रत्येकाला सगळेच बाधते असे नाही. कुणाला मिसळीचा कट पचतो आणि संध्याकाळच्या भडंगावरचा कच्चा कांदा मात्र रात्रभर छळतो. वहीतून ज्याच्यावर बोट ठेवता येईल तो एकच पदार्थ आठवडाभर बंद करून पाहावा. फरक पडला नाही, तर तो खुशाल परत ताटात घ्यावा. उगाच सगळे सोडून फिके खात बसण्यात अर्थ नाही.

थंड दूध घटकाभर बरे वाटायला लावते, नंतर मात्र आम्ल पुन्हा वाढू शकते. फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम भरपूर असते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यांची सवय लावून घेऊ नये. विडी-सिगारेट आणि दारू यांनी ते कडे सैल पडते, म्हणून ती सोडावीच. तंबाखू आणि मिश्री यांनाही त्याच यादीत धरावे. पोटाचा घेर वाढला असेल, तर वजन कमी करण्याने जितका गुण येतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने येतो.

अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही जळजळ वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तसे होत असल्यास त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांपैकी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या साधारणपणे जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. सल्ल्याशिवाय त्या महिनोन्‌महिने चालू ठेवू नयेत.

सवयी बदलूनही आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा त्रास होत राहिला, तर डॉक्टरांकडे जावे. घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा कारणाशिवाय वजन उतरणे यांपैकी काही दिसले, तर मुळीच थांबू नये. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत न बसता लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.