गॅस पेटायच्या आत सांगायचं

खानापूरकडचा एक पोरगा पुढच्या महिन्यात आमच्या चर्चच्या (द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, लोक ज्याला मॉर्मन म्हणतात) मिशनवर, म्हणजे धर्माच्या प्रसाराला, निघालाय. त्याची आई परवा म्हणाली, "तू जाऊन आलायस, याला चार गोष्टी सांग की." मी बेळगावातल्या वडगावचा. बेंगळुरू मिशनमध्ये दोन वर्षं काढून आलो. पांढरे शर्ट किती न्यायचे, छातीवर बॅज कुठं लावायचा, सकाळी साडेसहाला उठून अभ्यास कसा करायचा आणि रात्री साडेदहाला दिवा कसा मालवायचा, हे तिकडं शिकवतात. लोकांच्या घरात कसं बसायचं ते मात्र मी इथंच, चुका करून शिकलो. म्हणून तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी चहा. आपल्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काही चालत नाही. १८३३ मध्ये आलेल्या उपदेशातून निघालेला नियम आहे आणि मी तो मनापासून पाळतो. पण बेळगावात कुणाच्या दारात चप्पल काढली की आतून हाक येतेच, "बसा की, च्या ठेवते." बाप्तिस्मा घेऊन मी पहिल्यांदा सुट्टीला आलो तेव्हा एका मित्राबरोबर येळ्ळूरच्या पुढं एका घरी गेलो होतो. म्हातारीनं स्टीलच्या पेल्यात चहा आणून पुढं धरला. मी म्हणालो, "नको, मी घेत नाही." तिनं एक शब्द काढला नाही. पेला उचलून आत गेली. निघताना तिचा मुलगा दारात हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरचं चालत नाही, व्हय?"

घर गावाच्या कडेच्या गल्लीत होतं. त्या उंबऱ्यावर बसून "नको, आत्ताच झाला" म्हणणारी माणसं तिनं जन्मभर पाहिली असणार. त्यातलाच मी एक झालो. माझ्या नियमाबद्दल तिला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी परत गेलो, जाताच पाणी मागितलं, तांब्या तोंडाला लावला, जेवूनच उठलो. तरी तो पेला डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलीय, तूही हीच धर. घरात पाऊल टाकलं की पाणी आपण होऊन मागायचं आणि त्यांच्यासमोर प्यायचं. कुणाचंही घर असो, पाण्याला कधी नाही म्हणायचं नाही. मग मावशी स्वयंपाकघराकडं वळल्या की लगेच, गॅस पेटायच्या आत सांगायचं, "मावशी, च्या नको, माझा नेम आहे. गूळ-पाणी द्या की." 'नेम' हाच शब्द वापर. आपल्याकडं कुणाचा सोमवार असतो, कुणाची वारी, कुणाचा यल्लम्माचा नेम. माणसं लगेच समजून घेतात. "आमच्या धर्मात चालत नाही" म्हटलंस की मध्ये भिंत उभी राहते. "डॉक्टरांनी बंद केलाय" असं खोटं तर कधीच सांगू नकोस, दुसऱ्या भेटीत उघडं पडतं. गूळ-पाणी मागितलं की म्हाताऱ्या बायका खूश होतात, त्यांच्या माहेरची आठवण निघते. ताटात येईल ते खा. कुंदा आला तर दुसरी वाटीही घे.

किल्ल्याजवळच्या एका जैन काकूंना तर एवढंही सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "आम्ही कंद खात नाही, दिवस मावळला की जेवत नाही. तुम्ही च्या घेत नाही. झालं." निघायच्या आधी किल्ल्यात एक सकाळ घालव, माझं ऐक. दारातच दुर्गेचं देऊळ आहे. आत १२०४ मध्ये रट्ट राजांच्या बिचिराज मंत्र्यानं बांधलेली कमल बस्ती (जैन देऊळ), सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम. विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात येऊन राहिले होते. चारही ठिकाणी जा, तिथल्या माणसांशी बोल, पण स्वतःबद्दल एक वाक्यही सांगू नकोस. नुसतं विचार आणि ऐक. मिशनवर सगळ्यात जास्त हेच लागतं आणि ते सवयीशिवाय जमत नाही.

तंबाखूचं वेगळं सांगतो. माझं आजोळ निपाणी. मामाच्या घरात सुगीला तंबाखूचा वास कपड्यांत, अंथरुणात, भाकरीत असतो. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात शरद जोशींच्या मागं हायवेवर बसलेल्यांत माझे आजोबा होते. गोळीबारात शेतकरी गेले, ते त्यांनी पाहिलं होतं. माझी दहावीची फी त्याच पिकातून भरली गेली. मी तंबाखूला हात लावत नाही, पण मामासमोर बसून तंबाखू कशी वाईट हे सांगायचा अधिकार मला नाही. नेम माझा आहे, शेत त्यांचं. विडी वळणाऱ्या बाईच्या घरी बसलास तर तिच्या सुपाकडं बघून तोंड वाकडं करू नकोस. पोरांची शाळा विचार, पाठ दुखते का विचार.

काही प्रश्न हमखास येतात. "कॅथलिक का?" नाही. बेळगावात टेलरसाहेबानं १८२० मध्येच प्रोटेस्टंटांचं लंडन मिशन सुरू केलं होतं, आपण त्यांतलेही नाही. आपलं चर्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात निघालं, हे सरळ सांग. लोक मॉर्मन म्हणतात, आपण पूर्ण नाव सांगायचं. "पगार किती?" पगार नाही, आपल्या आणि घरच्यांच्या पैशातून जमेल तेवढा खर्च करायचा. "आम्हाला बाटवायला आलास?" इथं चिडायचं नाही. विचारणाऱ्याची भीती खरी असते. धर्माचा प्रसार करायचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमात आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करायचा हक्क त्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये सांगितलंय. विचारल्याशिवाय धर्म काढायचा नाही, कुणाला काही देऊ करायचं नाही, आईबाप नको म्हणत असतील तर त्यांच्या पोराला शिकवायचं नाही. मी हे पाळलं, म्हणून आजही त्या गल्ल्यांतून ताठ मानेनं जातो.

भाषा? "नमस्कार" कन्नडमध्येही तेच आहे. तेवढं म्हणून थांब. घरचे ज्या भाषेत उत्तर देतील तीच धर. सीमावादाचं १९५६ पासूनचं दुखणं आहे ते, पाहुण्यानं त्यात बोट घालू नये.

मिशनवर जोडीला दिलेला तुझा सोबती कुठलाही असेल. माझा पहिला तेलुगू होता. चोवीस तास एकत्र राहायचं, मग बदली. प्रसाद हातात आला तर मी दोन्ही हातांनी घेतो, तो घेत नसे. त्याला मी कधी टोकलं नाही, तूही टोकू नकोस.

माझी आई वारकरी आहे. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतो आणि ते पैसे गरजूंसाठी देतो, हे कळल्यावर तिनं विचारलं, "साबुदाणा पण नाही? पाणी पण नाही?" मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "म्हणजे निर्जळा एकादशीच की रे." तेव्हापासून ती माझ्या प्रार्थनेला शेजारी बसते, मी तिच्या हरिपाठाला. मिशनवरून आठवड्यातून एकदा घरी फोन करता येतो. तुझ्या आईलाही एकदा विचारून ठेव, हरिपाठ किती वाजता संपतो. त्यानंतरच लाव.