घर सोडून शिकायला गेलेल्या लेकराला समुपदेशनाला नेताना

दहावीनंतर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या मुलामुलींचे गाव, घर आणि सोबती एकदमच सुटतात. सुरुवातीची हुरहुर बहुधा ओसरते. मात्र झोप, भूक किंवा वर्गाला जाणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, पुस्तक उघडताच छातीत धडधडत असेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये.

आधी स्वतः जाऊन भेटावे, कारण मेसमध्ये चार जणांसमोर फोनवर विचारल्यास ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. शिकवणीसाठी काढलेल्या कर्जाचा उल्लेख त्या दिवशी मुळीच करू नये. तो आकडा लेकराला पाठ असतो. ‘जगावेसे वाटत नाही असे कधी मनात येते का?’ हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास लेकराला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जिल्हा रुग्णालयात, तसेच लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. समजा, मुलगी पोटदुखीमुळे सराव परीक्षा चुकवते. त्या दिवशी तिला हायसे वाटते, पण टाळल्यामुळेच सुटका झाली असे मनात ठसते आणि पुढच्या परीक्षेची भीती वाढते. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशक तिच्यासोबत लहान पायऱ्या ठरवतात: आधी खोलीत वीस मिनिटे जुनी प्रश्नपत्रिका, मग मैत्रिणीसोबत वेळ लावून, मग वर्गात. प्रत्येक पायरीवर थोडी भीती वाटणारच, आणि ती न पळता ओसरते हा अनुभव तिने स्वतः घ्यायचा असतो. म्हणून पालकांनी ‘राहू दे, नको जाऊ’ म्हणू नये आणि दोन पायऱ्या एकदम चढायलाही लावू नये.

पहिल्या भेटीत लेकराला समुपदेशकाशी एकटे बोलू द्यावे. बाहेर आल्यावर ‘काय सांगितलेस?’ असे खोदून विचारू नये. जिवाला धोका असेल, तर समुपदेशक पालकांना विश्वासात घेतात. औषध लागेल की नाही हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतात. नैराश्य-चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले तरी त्या मनाने बंद करू नयेत.

बदल एका भेटीत दिसत नाही. सहसा दर आठवड्याला एक याप्रमाणे काही महिने जावे लागते. म्हणून पहिल्याच दिवशी पुढच्या तारखा वर्गाच्या वेळा सांभाळून ठरवाव्यात, आणि दिवाळीत लेकरू गावी आल्यावर फोनवरून बोलणे चालू ठेवता येईल का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.